बारावीनंतर बी.ए.: तालुक्याचं लहान कॉलेज की अमरावती? पाहायला गेल्यावर काय पाहावं?

रानमोगरा

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. माझी मोठी मुलगी यंदा कला शाखेतून ७८ टक्के घेऊन बारावी झाली. तिला इतिहास घेऊन बी.ए. करायचं आहे. नर्सिंगला टाक, पोलीस भरतीची तयारी करू दे, असं सगळ्यांचं सांगून झालं. तिचं एकच, मला इतिहास शिकायचा आहे. आमच्या घरात आजवर जो शिकला तो नोकरीसाठी शिकला. विषय आवडतो म्हणून कॉलेज मागणारी ही पहिलीच, त्यामुळे तिचं मन मोडायला माझा जीव होत नाही.

दोन वाटा आहेत. एक अमरावतीचं मोठं कॉलेज. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही तर खोली आणि मेस. दुसरी, आमच्यापासून २२ किलोमीटरवरचं लहान कला महाविद्यालय. त्याच्याबद्दल गावात दोन्ही ऐकायला मिळतं. कोणी म्हणतं, तिथे फक्त नाव टाकायचं आणि परीक्षेला जायचं. आणि आमच्या शेजारची सून तिथूनच बी.ए. झाली, ती तिथल्या सरांचं नाव निघालं की अजूनही उठून बसते.

मुलीच्या बाबांना ती रोज संध्याकाळी घरी आलेली हवी आहे. त्यांची काळजी मला समजते. पण केवळ घराजवळ आहे म्हणून मी कॉलेज निवडणार नाही. सोमवारी आम्ही दोघी पाहायला जाणार आहोत. सध्या जून, वर्ग बंद. अशा वेळी काय पाहू, कोणाला काय विचारू?

तासिकावाले सर

ताई, मुलीचं मनापासून अभिनंदन. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात ११ वर्षांपासून तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पास आहे. आतली बाजू माहीत आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न हा विचारा: इतिहासाला कोण आहे? लहान कॉलेजात एका विषयाला बहुधा एकच प्राध्यापक असतो. ते निवृत्त झाले आणि जागा भरली नाही की विषय आमच्यासारख्यांकडे येतो. आम्ही जीव ओतून शिकवतो, त्यात कसर नसते. पण नेमणूक सत्रापुरती आणि मानधन तासावर. पत्र हातात पडेपर्यंत कधी कधी दीड-दोन महिने निघून जातात. तेवढ्या दिवसांत वर्गावर कोण जातं, ते नाव घेऊन विचारा. ‘होते सगळी व्यवस्था’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हे आणखी महत्त्वाचं झालं आहे. आपल्याकडे संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवा आराखडा लागू झाला. एक वर्ष पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मेजर म्हणजे मुख्य विषय जो घ्याल त्याचेच पेपर वरच्या वर्षांत वाढत जातात. म्हणजे इतिहास मेजर घेतला आणि इतिहासाचा माणूसच नसला, तर सगळी पदवीच पोकळ. माहितीपत्रकात विषयांची यादी लांबलचक छापलेली असते. तिच्यावर जाऊ नका. ‘मागच्या वर्षी इतिहास मेजर किती जणांनी घेतला?’ आणि ‘चौथं वर्ष इथेच आहे का?’ हे दोन प्रश्न विचारा.

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिची श्रेणी जरूर पाहा, पण त्याहून उपयोगाचा आहे तो कॉलेजनं नॅकला दिलेला अहवाल. तो कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. मंजूर पदं किती, भरलेली किती, सगळं त्यात सापडतं. जायच्या आधी मोबाइलवर वाचून जा.

वर्ग बंद असले तरी ग्रंथालय उघडं असतं. इतिहासाची आठ-दहा पुस्तकं स्वतः काढा आणि आत चिकटवलेली तारखेची चिठ्ठी पाहा. शेवटचा शिक्का कधीचा आहे? मी एका कॉलेजात मुलाखतीला गेलो होतो. तिथे काचेची नवी कपाटं आणि पुस्तकांच्या पाठी चकचकीत होत्या. एकाही चिठ्ठीवर चार वर्षांत शिक्का नव्हता. किल्ली रजेवरच्या लिपिकाकडे होती, ती मागवायला पाऊण तास गेला.

पऱ्हाटी

ताई, माझ्या पोराला अमरावतीला ठेवलं होतं. ऐन पेरणीत खोलीचं डिपॉझिट भरलं आन् बियाणं उधारीवर आणलं. पोरगा शिकला, शहर पाहिलं, धीट झाला, ते खरं आहे. पण तीन वर्षांत एकाही सरांना त्याचं नाव माहीत नव्हतं. पुढच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लागलं तेव्हा कोणाकडे जावं हेच त्याला समजेना.

धाकटी तालुक्याच्या कॉलेजात आहे. दोन दिवस गेली नाही तर मॅडमचा मला फोन येतो, काहून नाही आली म्हणून.

एक गोष्ट नक्की पाहून या जी. पोरींचं संडास. प्राचार्यांच्या केबिनजवळचं नाही, पोरी वापरतात ते. कडी लागते का, नळाला पाणी आहे का. माझ्या पोरीनं पहिले सहा महिने दिवसभर पाणीच पिलं नव्हतं, हे आम्हाला ती आजारी पडल्यावर समजलं.

वरोऱ्याची लेक

ताई, मी वरोऱ्याच्या आनंद निकेतन महाविद्यालयाची. बाबा आमटेंनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्याच समितीनं १९६४ मध्ये हे कॉलेज आनंदवनात सुरू केलं. मी शिकले तेव्हा आम्ही नागपूर विद्यापीठात होतो. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर, गडचिरोलीची कॉलेजं तिकडे गेली. समाजशास्त्राच्या तासाला बहिष्कार हा शब्द शिकायचो आणि बाहेर पडल्यावर ज्यांना गावानं बाहेर काढलं होतं ती माणसं शेतात, मागावर काम करताना दिसायची. शहरातल्या माझ्या बहिणीला तोच धडा फक्त पाच गुणांचा होता.

म्हणून तुम्ही विचारा की कॉलेज आजूबाजूच्या मुलखाकडे कसं पाहतं. रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर कोणत्या गावात झालं, पोरांनी तिथे काय केलं? आम्हाला सरांनी भद्रावतीची विजासन लेणी दाखवायला नेलं होतं, वहीत नकाशा काढायला लावला होता. तुमच्या दारव्ह्यावरून तर शकुंतला जायची. कापसासाठी इंग्रज कंपनीनं टाकलेली यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज. त्या गाडीवर नोकरी केलेली माणसं अजून गावागावांत असतील. इतिहासाच्या सरांनी कधी पोरांना त्यांच्याकडे पाठवलं का, एवढं विचारून पाहा.

रानमोगरा

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, तुमचे प्रश्न वहीत उतरवून नेले होते.

लिपिकांना वाटलं फॉर्म भरायला आलो. फक्त पाहायला आलो म्हटल्यावर ते जरा थांबले. मग शिपायाला सोबत दिलं.

ग्रंथालय एका खोलीचं आहे. टेबलं जुनी, पंखा एक. चिठ्ठ्या पाहिल्या. इतिहासाच्या नऊ पुस्तकांपैकी सहांवर याच वर्षीचे शिक्के होते. तरी मी देवघेवीचं रजिस्टर मागितलं. माझं अर्धं आयुष्य रजिस्टरं भरण्यात गेलं आहे. महिनाअखेरीला एका बैठकीत भरलेलं पान लगेच ओळखू येतं. शाई एक, हात एक, सह्यांचा तिरकेपणासुद्धा एक. इथे प्रत्येक ओळीला वेगळा पेन होता. कोणाची सही रकान्याबाहेर गेलेली, एका ठिकाणी चहाचा डाग, एका मुलीनं आधी घरचं नाव लिहून ते खोडलं आणि सासरचं लिहिलं. ते पान पाहून माझ्या मनातली निम्मी शंका गेली.

इतिहासाचे सर कायम आहेत, निवृत्तीला आठ वर्षं बाकी. मागच्या वर्षी मेजर घेणारे ११ जण. चौथं वर्ष अजून नाही, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. इंग्रजीची जागा रिकामी आहे, ती तासिकेवर चालते. ही बाब मला खटकते, कारण मुलीचं इंग्रजी कच्चंच आहे.

मुलींच्या तीन संडासांपैकी एकाला कडी नाही. मी प्राचार्य मॅडमना सांगितलं, त्यांनी माझ्यासमोर डायरीत लिहून घेतलं.

शकुंतलेचं मुलीनंच विचारलं. सर म्हणाले, नाही, आम्ही असं काही केलेलं नाही. मग त्यांनी तिलाच विचारलं, तुमच्या गावात रेल्वेत कोण होतं? तिच्या आजोबांचे भाऊ गँगमन होते. सर म्हणाले, कॉलेज सुरू होईल तेव्हा त्यांच्याशी बोलून चार पानं लिहून आण. अजून प्रवेशसुद्धा घेतलेला नाही आणि ती कालपासून मोठ्या बाबांच्या खाटेजवळ वही घेऊन बसली आहे. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून दोन घरं पलीकडे आवाज जातो.

आम्ही इथेच प्रवेश घेतो आहोत. आता अडचण एसटीची. तास चारला सुटतात, आमच्या गावाची शेवटची गाडी ४.१० ला आणि स्टँड दीड किलोमीटर. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत होता, आता तोही नाही. कोणी काही मार्ग काढला आहे का?

पऱ्हाटी

विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे. कॉलेजकडून बोनाफाईड घ्या आन् पहिल्याच आठवड्यात पास काढा, नंतर लाइन लागते. गाडीच्या वेळेसाठी एकट्यानं अर्ज देऊ नका. आम्ही कॉलेजचं पत्र, तीन ग्रामपंचायतींचे ठराव आन् त्या रस्त्यानं येणाऱ्या पोरींची गाववार यादी घेऊन आगार व्यवस्थापकाकडे गेलो होतो. दोन चकरा झाल्या, गाडी २५ मिनिटं पुढे गेली. मॅडमनं डायरीत कडी लिहिली आहे ना, त्याच पानावर गाडीचंही लिहायला लावा. ठरावाचा नमुना पाहिजे असला तर इथेच टाकतो.