मदत हवी आहे: 813 ट्यूब आतल्या आत कडाडली, पुढचा आर्क कसा अडवू?

मंडळी नमस्कार. राहणार सांगली, गावभाग. ज्या सरांनी मला मोर्स शिकवला त्यांचा घरी बांधलेला हॅम रेडिओचा लिनिअर (सिग्नलची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) माझ्याकडे आहे. एकच 813 (काचेची पॉवर ट्यूब), आतल्या तिन्ही ग्रिड म्हणजे जाळ्या चासीला (धातूच्या सांगाड्याला), प्लेटला 2400 व्होल्ट. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा आधी तो उचलून माळ्यावर टाकला, मग बाकीचं सामान. तेव्हापासून तिथेच होता. गेल्या महिन्यात खाली उतरवला, ब्रशने धूळ झाडली, सगळे सांधे बघितले आणि चालू केला.

चूक इथेच झाली असं आता वाटतंय. फिलामेंट दहा मिनिटं तापवलं आणि लगेच पूर्ण एचटी (प्लेटचं हाय व्होल्टेज) दिलं. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या रात्री 40 मीटर बँडवर मोर्सची की दाबली, प्लेट करंट 160 मिलिअँपवर आला आणि काचेच्या आत निळा लोळ (आर्क) उठला. आवाज असा झाला की आई खालून धावत वर आली. मीटरचा काटा शेवटच्या खुंटीवर आपटून वाकला. एचटीच्या वायरमध्ये सरांनी साधा 20 मिमीचा काचेचा फ्यूज घातला होता, तो आतून काळा होऊन फुटला. तरी आर्क तुटला नाही, घराचा एमसीबी पडला तेव्हाच शांत झालं.

नंतर उघडून पाहिलं. बी-मायनस (एचटीचं ऋण टोक) आणि चासीच्या मध्ये मीटरचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) होता, 10 ओहम 2 वॉटचा. तो मधोमध जळून उघडा पडलाय. म्हणजे त्या क्षणी बी-मायनस चासीच्या खाली कितीतरी व्होल्टवर गेला असणार, आणि माझा हात कीवर होता. हे डोक्यातून जात नाही.

फिल्टरला 220 मायक्रोफॅरड 450 व्होल्टचे आठ कंडेन्सर सिरीजमध्ये आहेत, म्हणजे 27.5 मायक्रोफॅरड. 2400 व्होल्टला जवळजवळ 79 ज्यूल साठतात. ते सगळे अडवायला वाटेत काहीच नव्हतं.

ट्यूबचं फिलामेंट पेटतंय, मल्टिमीटरवर कुठे शॉर्ट दिसत नाही. कुपवाडच्या मोटार रिवायंडिंगवाल्याकडून 2.5 केव्हीचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणला आणि थंड ट्यूबवर प्लेट ते ग्रिड लावला. 1000 व्होल्टला काटा ठाम राहतो, 2500 ला थरथरतो.

ही ट्यूब वाचेल का? आणि 10 ओहम 10 वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर प्लस लाइनमध्ये टाकला तर पुरेल का? नवी ट्यूब मिळेलही, पण ही सरांच्या हातची आहे, शक्य तितकं करून बघायचंय.

उत्तर १ (जुना व्हॉल्ववाला):

हवा शिरली असती तर फिलामेंट पेटताक्षणी जळून गेलं असतं. तुमचं पेटतंय, म्हणजे काच शाबूत आहे. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर आतल्या धातूतून थोडा गॅस सुटतो, आर्क त्यातूनच पेटला असणार. एचटीची वायर काढून बाजूला ठेवा आणि नुसतं फिलामेंट 24 तास चालू ठेवा. सॉकेटच्या पिनवर 10 व्होल्ट मोजून घ्या, ट्रान्सफॉर्मरवर मोजू नका. मग परत मेगर लावा. कधी साधतं, कधी नाही, पण याला खर्च काही नाही.

आता रेझिस्टर. 10 ओहम घेतलात तर आर्कच्या क्षणी 240 अँपिअरपर्यंत वाट मोकळी राहते. 50 ओहमला तीच 48 वर येते, आणि 160 मिलिअँपला त्यात फक्त 8 व्होल्ट पडतात, जेमतेम सव्वा वॉट तापतो. पण त्याचं अंग लांब हवं. आर्क होतो तेव्हा जवळजवळ सगळे 2400 व्होल्ट त्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर येतात. आखूड सिमेंटवाल्यावरून ठिणगी उडून जाईल आणि रेझिस्टर असून नसल्यासारखा. सिरॅमिक नळीवर तार गुंडाळलेला 25 वॉटचा घ्या, फिल्टर आणि प्लेट चोकच्या (रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या कॉइलच्या) मध्ये, चासीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर सोडून बसवा.

शंट 1 ओहमचा करा, मीटर पुन्हा कॅलिब्रेट करावं लागेल. त्याला समांतर दोन 6ए10 डायोड उलटसुलट लावा. 160 मिलिअँपला शंटवर 0.16 व्होल्टच असतात, त्यामुळे रोजच्या कामात डायोड मध्ये येत नाहीत. आर्क झाला की तेच वाट देतात आणि बी-मायनस चासीजवळ धरून ठेवतात. तुमच्या हाताच्या दृष्टीने हे सगळ्यात आधी करा, ट्यूबचं नंतर. काचेचा फ्यूज काढून टाका, तो 250 व्होल्टचा, डीसीचा आर्क त्याला तोडता येत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन दुरुस्त करणाऱ्याकडे 5 केव्हीचा एचव्ही फ्यूज मिळतो, तो घाला.

अजून एक. अँटेनाच्या सॉकेटवर चासीला 2.5 मिलिहेन्रीचा चोक आहे का बघा. नसेल तर ब्लॉकिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) शॉर्ट झाल्यावर 2400 व्होल्ट थेट गच्चीवरच्या तारेवर जातात. आणि ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करणारे रेझिस्टर) किती ओहमचे आहेत?

मूळ धागाकर्ता:

काका, मनापासून आभार. ब्लीडर प्रत्येक कंडेन्सरवर 100 किलोओहमचा आहे. हिशोब केला तर 24 व्होल्टच्या खाली यायला पावणेदोन मिनिटं लागतात. आता बंद केल्यावर पाच मिनिटं थांबतो, मीटरने मोजतो आणि मग रेझिस्टर लावलेल्या काठीने डिस्चार्ज करतो.

चोक नव्हता! सरांनी जागा ठेवली होती, भोकं पाडलेली दिसतात, पण बसवायचा राहून गेला असावा. आज बसवला. डायोड आणि 1 ओहमचा शंटही लावले.

फिलामेंट काल संध्याकाळी सातपासून आज सातपर्यंत चालू ठेवलं. थंड झाल्यावर मेगर लावला, 2500 ला काटा हलला नाही. तीनदा बघितलं. तरी 50 ओहम बसेपर्यंत एचटी देणार नाही. देईन तेव्हा व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) 800 व्होल्टपासून हळूहळू चढवीन.

50 ओहम 25 वॉटचा लांब सिरॅमिक इथे मिळाला नाही, मिरजेतही दोन दुकानं पाहिली. कोल्हापूर किंवा इचलकरंजीत कुणाच्या जुन्या डब्यात पडला असेल तर कृपया कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.