गॅलरीतल्या चार कुंड्यांना हायब्रीड बी कशाला?

गॅलरीकर: मुंबईत चार-सहा कुंड्या लावणाऱ्याने हायब्रीडच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत. हायब्रीड, म्हणजे एफ-१, ही दोन ठरावीक आईबापांची पहिली पिढी. तिच्या फळातलं बी पेरलं की गुण फुटतात: एक रोप बुटकं, दुसरं ताडमाड, फळ भलतंच. म्हणजे दरवर्षी नवं पाकीट. राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री मिळाली ती गावठी बी राखल्याबद्दलच. वाल, मेथी, लाल माठ, मिरची एकदा आणा, पुढे घरचंच.

मुलुंडची माती: वाल-मेथीपुरतं मान्य. टोमॅटोचं काय? कोकणच्या दमट उष्ण हवेत जिवाणूजन्य मर लागली की हिरवंगार झाड मान टाकतं. खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरा, दुधी धागा सुटला तर तीच. मग औषध नाही. बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण मर, पर्णगुच्छ (पानं आकसवणारा विषाणू) आणि करपा (पानांवर डाग पाडणारी बुरशी) तिन्हींना टक्कर देतो. चार झाडांचं बी राखून करायचंय काय?

बीजप्रेमी_दादर: दोघंही तिसरा प्रकार विसरताय: सुधारित सरळ वाण. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका भेंडी घ्या. केवडा रोगाचा (पानं पिवळी पाडणारा विषाणू) विचार करूनच काढलेले वाण, हायब्रीड नाहीत, बीही राखता येतं. (अनामिकाचा प्रतिकार आता बऱ्याच ठिकाणी ढिला पडलाय, हेही खरं.)

आणि गॅलरीकर, 'मिरची एकदा आणा' इतकं सोपं नाही. शेजारच्या कुंडीत ढोबळी असेल तर मधमाश्या संकर करून मोकळ्या. बी धरायचं त्या फांदीवर कळ्या उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधा, पराग झडावा म्हणून रोज टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढून फळाला दोरा बांधा. टोमॅटोला एवढं लागत नाही, तो बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो.

मुलुंडची माती: वाण कुठलाही असो, आधी पाकीट उलटं करून बघा. लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख, वैधता. वैधता साधारण चाचणीपासून नऊ महिने. टोमॅटोला किमान ७० टक्के उगवण लागते, मिरचीला ६०. ऑनलाइन मिळणाऱ्या वीस-वीस बियांच्या पुड्यांवर यातलं बरंचसं नसतं. निळ्या स्ट्रॉबेरीचं बी विकतात त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

गॅलरीकर: दुकानातलं सीलबंद पाकीट दहा ग्रॅमचं. टोमॅटोच्या जवळपास तीन हजार बिया! कुंड्या सहा.

बीजप्रेमी_दादर: सोसायटीत दहाजणांनी वाटून घ्या. फक्त कागदी पुडीत नको, जून ते सप्टेंबरची हवा बी मारते. काचेची घट्ट झाकणाची बाटली, आत सिलिका जेल, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा, नाहीतर बियांवर दव धरतं. कांद्याचं बी तरीही वर्षभरात बाद धरा. गुलाबी-निळा रंग दिसला तर ते औषध लावलेलं बी: हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा. उगवणीबद्दल शंका असेल तर दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. टोमॅटो आठवड्यात दिसतो, मिरचीला दोन आठवडे द्या. पाचच उगवल्या तर दुप्पट पेरा.

गॅलरीकर: पिशवीचा मुद्दा मान्य. टोमॅटोवर मात्र हटणार नाही. मर मातीतून येते. नर्सरीची लाल माती टाळून निम्मं कोकोपीट, निम्मं चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाला, सरळ वाणही टिकेल.

मुलुंडची माती: मर टळेल. पर्णगुच्छ पांढरी माशी आणते, आणि तिला तुमच्या सातव्या मजल्यावर यायला लिफ्ट लागत नाही.