एका दिवसात गोवा? नको रे बाबा

नाशिकहून गोव्यातल्या वागातोरच्या मोटोव्हर्सला (रॉयल एनफिल्डचा बाइकवाल्यांचा मेळावा; २०२२ पर्यंतचं रायडर मेनिया, आमच्या तोंडी अजून तेच) एका दिवसात पोचता येईल का, असं एकाने विचारलंय. येईल, पण ६५० किलोमीटरच्या आसपास रेटल्यावर तिथे गाड्या बघायचीही इच्छा उरत नाही. आम्ही चौघे कॉलेजचे मित्र, आता पन्नाशीकडे झुकलेले. म्हणून आम्ही वाटेत कोल्हापूरला मुक्काम केला. मिसळ कुठली भारी यावर तिथे तासभर भांडलो, ते असो.

दुसऱ्या दिवशी आंबोली घाटात एकाच्या बुलेटची क्लच वायर तुटली. निघण्याआधीच नवी वायर जुन्या वायरीलगत टाकून टेप मारून ठेवली होती. फक्त दोन्ही टोकं अडकवली, गाडी चालू! हे नक्की करा. आणि चेनला तेल मुक्कामी पोचल्यावर, ती गरम असतानाच द्या. सकाळी कुणालाच आठवत नाही.