मदत हवी आहे: कृषी पदविकेच्या मुलांना पॅकहाऊसचं काम कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात कृषी पदविकेच्या मुलांना शिकवतो. आसपास निर्यात द्राक्षांची पॅकहाऊस (माल निवडून, प्रतवारी करून पॅक करायच्या जागा) भरपूर, तरी आमची मुलं मुलाखतीतून परत येतात. कीड-रोगांची नावं तोंडपाठ. पण रिफ्रॅक्टोमीटर (द्राक्षाच्या रसातली गोडी मोजायचं उपकरण) हातात दिला की आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवायचं असतं, हेच सुचत नाही. फवारणीची नोंदवही पाहून काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस) पूर्ण झाला का, हेही सांगता येत नाही. युरोपला जाणारा माल रेसिड्यूत, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशामुळे, अडकला तर फटका थेट बागायतदाराला बसतो, त्यामुळे मालक कच्चा माणूस ठेवत नाहीत हे मला पटतं. पण मुलं कष्टाळू आहेत हो, हातात काम मिळालं तर शिकतील.

पॅकहाऊस, रोपवाटिका, ठिबक यांत असलेल्यांनी कृपया सांगा: नव्या मुलाकडून पहिल्याच दिवशी काय करून घेता? गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) काढणीपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च, दोन-तीन मुलं ठेवून घ्याल का? राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून कुणी कृषीची मुलं घेतली असतील, तर नोंदणी आणि विद्यावेतनाचं कसं जमवलंत? यंदाच्या छाटणीआधी प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक बदलायचं आहे.