मदत हवी आहे: कानाने वाजवतो, कागद वाचता येत नाही. कंटेम्पररी म्युझिकची पदवी झेपेल का?

बिनकागदी

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं वाचून डोकं बधिर झालंय, म्हणून इथे विचारतो.

वय १९. आठव्या वर्षापासून कीबोर्ड वाजवतो. गाणं दोनदा ऐकलं की कॉर्डसकट बसवतो, गायिकेला पट्टी बदलून हवी असेल तर जागच्या जागी बदलून देतो. बँडमध्ये तीन वर्षं झाली. कंटेम्पररी म्युझिकमध्ये पदवी करायची आहे आणि पुढे पोटापाण्यालाही हेच. घरून विरोध नाही. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "चार वर्षांनी तुला असं काय येणार आहे जे आज येत नाही?" मी गप्प बसलो. खरंच सांगता आलं नाही.

अडचण ही की मला नोटेशन वाचता येत नाही. अगदी शून्य नाही; पाच रेषांवर बोट ठेवून मोजत मोजत सांगतो की हा जी आहे. तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असतं. ऑडिशन पाच महिन्यांवर आली आहे. तिच्यात तयार करून नेलेली एक चीज, इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं), कानाची परीक्षा आणि साईट-रीडिंग, म्हणजे कधी न पाहिलेला कागद समोर आला की लगेच वाजवणं. पहिल्या तिन्हींची धास्ती नाही. चौथ्याच्या नुसत्या नावाने तळहात ओले होतात.

शिवाय अर्जात शाखा निवडायची आहे: परफॉर्मन्स, साँगरायटिंग, प्रोडक्शन की म्युझिक बिझनेस. मला सगळंच थोडं थोडं आवडतं, म्हणजे काहीच ठरत नाही.

आणि एक विचित्र प्रश्न. एका विद्यापीठाच्या 'कंटेम्पररी म्युझिक' विभागाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं, तर एक जण पियानोच्या तारांवर चमचा फिरवत होता. वीस मिनिटं. मी चुकीच्या दारात उभा आहे का?

काळी चार

चमच्यापासून सुरू करते, कारण हा घोटाळा अनेकांचा होतो आणि काहींना तो प्रवेश घेतल्यावर कळतो.

पाटी एकच आहे, आतल्या खोल्या दोन. पाश्चात्त्य शास्त्रीय परंपरेत 'कंटेम्पररी म्युझिक' म्हणजे आजच्या रचनाकारांचं मैफिलीसाठीचं नवं संगीत. फ्रेंच रचनाकार पियर बुलेझने पॅरिसमध्ये इर्काम ही संशोधन संस्था उभी केली, ती या घराण्यातली. पियानोच्या तारा थेट हाताने छेडणं तर अमेरिकन रचनाकार हेन्री कॉवेलने १९२० च्या दशकातच केलं होतं, तेव्हा चमचेवाल्याला हसू नका. दुसऱ्या खोलीत पॉप, रॉक, जॅझ, आर अँड बी, इलेक्ट्रॉनिक. तुम्हाला ही हवी. नावावर जाऊ नका, पहिल्या वर्षाचे विषय उघडून बघा. रिदम सेक्शन (ड्रम, बेस, कीबोर्ड यांची साथ), जॅझ हार्मनी, साँगरायटिंग दिसलं तर बरोबर दारात आहात.

ही दुसरी खोली विद्यापीठांत तशी उशिरा आली. बोस्टनचं बर्कली १९४५ मध्ये छोटी खाजगी शाळा म्हणून सुरू झालं. नॉर्थ टेक्ससने १९४७ मध्ये जॅझची पदवी काढली तेव्हा तिला 'डान्स बँड' म्हणायचे, 'जॅझ' हा शब्द पदवीवर शोभत नाही म्हणून. असो.

आता वाचन. मी तुमच्यासारखीच गेले होते, कान तयार, डोळे अडाणी. पडले ते सुरांत नाही, लयीत. कीबोर्डवर सूर डोळ्यांसमोर मांडलेले असतात, ते सापडतात. टाय (दोन सूर जोडून लांबवणारी कमान), विश्रांतीची चिन्हं आणि ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, सुरू होणारे सूर मात्र कानाला ओळखीचे असूनही कागदावर परके दिसतात. म्हणून पहिला महिना कीबोर्डला हात लावू नका. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि कागदावरचा ताल नुसता टाळीने वाचा. चुकलं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही, हे सर्वांत अवघड. थांबून सूर दुरुस्त करणारा परीक्षकाला जास्त खटकतो. बँडमध्ये तो इतरांनाही पाडतो. आणि रोज नवा कागद घ्या. तोच पुन्हा वाचलात तर ते पाठांतर झालं.

तुमचं भांडवलही कमी नाही. पट्टी जागेवर बदलता म्हणजे तुम्ही कॉर्ड नावाने नाही, नात्याने ओळखता: सा वरचा, म वरचा, प वरचा. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत १९५० च्या दशकाच्या अखेरीस गायक नील मॅथ्यूजने हेच आकड्यांत मांडलं. १, ४, ५ लिहायचं आणि गायक म्हणेल त्या पट्टीत वाजवायचं. तुम्हाला फक्त तुमच्या 'काळी एक'ला कागदावर सी शार्प किंवा डी फ्लॅट म्हणतात, एवढी नावांची ओळख करून घ्यायची आहे.

बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर: जी वाद्यं तुम्ही वाजवत नाही त्यांच्यासाठी लिहिता येईल. पहिल्या सेमिस्टरला मी ट्रम्पेटवाल्याला पियानोचाच कागद दिला होता. ट्रम्पेट बी फ्लॅटचं, कागदावर सी लिहिला की ऐकू बी फ्लॅट येतो. सगळा बँड एका पट्टीत आणि तो बिचारा पूर्ण एक सूर खाली, तोंड लाल होईपर्यंत इमानेइतबारे वाजवतोय. कानाने वाजवणाऱ्याला हे घरी बसून कळत नाही, समोर माणसं लागतात.

ठेका

मी उलट बाजूने बोलतो. बावीस वर्षं ड्रम वाजवून जगतोय, पदवी नाही. मला कामावर बोलावणाऱ्याने आजवर प्रमाणपत्र मागितलं नाही. वेळेवर येतो का, आणि गाणी पाठ आहेत का, एवढंच बघतात. कर्ज काढून शिकणार असाल तर चार वेळा विचार करा.

हे खरं, की काही कामं माझ्या हातून गेली. क्रूझवरचा शो बँड, म्युझिकल नाटकांचा पिट, म्हणजे रंगमंचासमोर बसणारा वाद्यवृंद. तिथे दुपारी कागद हातात देतात आणि संध्याकाळी प्रयोग. मला झेपलं नसतं.

जाणारच असाल तर विभागाला तीन गोष्टी विचारा. आठवड्याला स्वतःच्या वाद्याचा एकट्याचा तास किती वेळ, एन्सेम्बल (एकत्र वाजवणारे गट) किती आणि त्यांत रिकामी जागा असते का, आणि शिकवणारे स्वतः अजून वाजवतात का. 'उद्योगाशी जोडलेलं शिक्षण' असलं उत्तर आलं तर तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे.

आणि इअरप्लग घ्या. कापसाचे बोळे नव्हे, संगीतकारांचे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं! आमची तालीम तीन तास चालायची. माझ्या डाव्या कानात आता कायमची शिट्टी वाजते. कुठल्या पट्टीत ते विचारू नका, ती सुरातही नाही.

बिनकागदी

काळी चार ताई, ठेका दादा, मनापासून आभार. चमचेवाल्यांचे विषय उघडून बघितले, खरंच दुसरी खोली निघाली. ते नाव यादीतून खोडलं.

टाळीचा प्रयोग कालपासून सुरू केला. तिसऱ्या ओळीत टाय आला आणि मी थांबलोच. आईला वाटलं डास मारतोय.

शाखेचं मात्र अजून अडलेलंच आहे.

मिक्सवाला

पहिल्या वर्षी बहुतेक विषय सगळ्यांना सारखेच असतात. शाखा बदलता येते का आणि कधीपर्यंत, हे आधी विचारा. येत असेल तर परफॉर्मन्स लिहा, कारण ऑडिशनला तुमच्याकडे दाखवायला तेच आहे. प्रोडक्शनला सहसा स्वतः केलेल्या रेकॉर्डिंगचा पोर्टफोलिओ मागतात.

बिझनेसचा निदान एक विषय मात्र कुठल्याही शाखेत घ्या. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, रचनेचा एक आणि रेकॉर्डिंगचा दुसरा. मी विसाव्या वर्षी एका निर्मात्याच्या कागदावर सही केली. वाटलं, ते रेकॉर्डिंग देतोय. रचनाही गेली. कागद दीड पानांचा होता, वाचायला दहा मिनिटं लागली असती. कॉलेजच्या स्टुडिओत केलेल्या रेकॉर्डिंगवर हक्क कुणाचा, हेही लेखी विचारून ठेवा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

काळी चार

एक राहिलं. साईट-रीडिंगला नेमकं काय देतात, हे विभागाला सरळ मेल करून विचारा. लीड शीट देतात की दोन्ही हातांचं पूर्ण लिहिलेलं? लीड शीट म्हणजे वर एक धून आणि तिच्यावर कॉर्डची नावं, तुमच्यासाठी अर्धी लढाई जिंकलेली. विचारल्याने गुण कापत नाहीत.

बिनकागदी

उत्तर आलं! एक लीड शीट आणि दोन्ही हातांचे आठ बार (तालाचे आठ खंड) पूर्ण लिहिलेले. शाखा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटपर्यंत बदलता येते, म्हणून परफॉर्मन्स लिहून अर्ज पाठवला. बाबांना ट्रम्पेटचा किस्सा सांगितला. हसले, आणि मग विचारलं, "मग त्याने थांबवलं का नाही?" आता याचं उत्तर ताईंनीच द्यावं.

आता नवी अडचण. लीड शीटवर कॉर्ड पटापट बदलतात तिथे माझा डावा हात उड्या मारतो आणि नजर कागदावरून खाली जाते.

काळी चार

थांबवलं नाही, कारण कागदावर जे आहे तेच तो वाजवत होता. चूक माझी होती.

उड्यांसाठी पूर्ण कॉर्ड सोडा, डाव्या हातात फक्त तिसरा आणि सातवा सूर (कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजून) धरा. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन घ्या. पहिल्याला एफ आणि सी. दुसऱ्याला एफ तिथेच, सी अर्धा सूर उतरून बी. तिसऱ्याला बी तिथेच, एफ अर्धा सूर उतरून ई. दर वेळी एकच बोट हलतं, तेही शेजारच्याच सुरावर. मूळ सूर बेसवाला वाजवेल. हे बाराही पट्ट्यांत डोळे मिटून जमेपर्यंत करा, मग कागद समोर ठेवा. अडलं तर इथेच लिहा.