मदत हवी आहे: 'टेक'चे अर्थ आईला कसे शिकवू?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. आई ६३व्या वर्षी जिद्दीने इंग्रजी शिकतेय आणि 'टेक'पाशी अडलीय. तिच्या वहीत 'टेक = घेणे' एवढंच होतं. परवा तिने वाचलं, 'टेक ऑफ युअर शूज'. मग विचारते, "अगं, टेक ऑफ तर विमान करतं ना?"

'टेक आफ्टर' मात्र लगेच कळलं. आपण म्हणतो ना, नातू आजोबांवर गेलाय, तेच. 'टेक इन' म्हणजे ब्लाउज आत घेणं, हेही शिवणकामामुळे जमलं. पण त्याचाच दुसरा अर्थ फसवणं, तो काही केल्या लक्षात राहत नाही. मी तिला आपलं 'लागणे' दाखवलं: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवेही लागतात. तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

आता पुढे कसं जाऊ? ऑफ, अप, ओव्हर असे गट करून शिकवू, की रोज एकच वाक्प्रचार घेऊन त्यावर तिच्याकडून दोन-तीन वाक्यं करून घेऊ? घरातल्या मोठ्यांना कुणी असं शिकवलं असेल तर नक्की सांगा. मराठी अर्थ आणि उदाहरणं देणारा, मोठ्या टायपातला एखादा कोश माहीत असेल तर फारच बरं होईल.