मदत हवी आहे: रीडबॅक बरोबर असूनही दोन विमानांमधलं अंतर मोडतं कसं?

अमळनेरकर:
राम राम मंडळी. जळगावला फ्लाइंगसाठी प्रवेश झालाय, आरटीआरची (विमानाचा रेडिओ वापरायच्या परवान्याच्या परीक्षेची) तयारी चालू आहे. वाक्यं पाठ आहेत, पण काही गोष्टी डोक्यात बसत नाहीत.
१) कंट्रोलर उंची सांगतो, पायलट ती परत म्हणून दाखवतो, म्हणजे रीडबॅक देतो. मग चूक राहते कुठे?
२) सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) तीन-चार ट्रेनर विमानं असली तर टॉवर आम्हाला एकमेकांपासून लांब ठेवतो, की आपलं आपण बघायचं?
३) घरी रेडिओ नाही. सराव कसा करू?

तापीकाठ:
पहिला प्रश्नच खरा महत्त्वाचा आहे. रीडबॅक ही निम्मीच तपासणी. पायलटने जे म्हणून दाखवलं ते कंट्रोलरने कान देऊन ताडून पाहायचं, म्हणजे हिअरबॅक, ही उरलेली निम्मी. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ ला २,४०० फुटांपर्यंत उतरायची परवानगी मिळाली, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो' अशी. त्यातला 'टू' हा दोनचा आकडा होता, पण कॉकपिटमध्ये तो 'पर्यंत' अर्थाचा 'टू' वाटला. कॉकपिटमधून उत्तर गेलं, 'ओके, फोर झीरो झीरो'. ते कुणी अडवलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. म्हणून आकड्याआधी 'अल्टिट्यूड' किंवा 'फ्लाइट लेव्हल' लावा आणि उंची 'टू थाउजंड फोर हंड्रेड' अशी म्हणा.

आता उलट बाजू. २३ मे २०२२, पॅरिस. कंट्रोलरने क्यूएनएच (उंचीमापक ज्यावर लावायचा तो हवेचा दाब) १००१ ऐवजी १०११ सांगितला. पायलटने १०११ च म्हणून दाखवला, रीडबॅक अगदी चोख! एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरा, म्हणजे विमान उंचीमापक दाखवतो त्यापेक्षा २८० फूट खाली. धावपट्टी अजून पुढेच होती आणि ए३२० जमिनीपासून ६ फुटांवर आलं होतं. आधी ऐकलेल्या आकड्यापेक्षा क्यूएनएच एकदम १० ने वेगळा आला, तर 'कन्फर्म क्यूएनएच' विचारायला लाजू नका.

कंट्रोलर गप्प बसला म्हणजे तुमचं बरोबर, असंही समजू नका. तो त्या वेळी शेजारच्या युनिटशी फोनवर बोलत असू शकतो. आणि 'रॉजर'चा अर्थ फक्त 'ऐकलं' एवढाच. उंची, हेडिंग, वेग, क्यूएनएच, स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा चार आकडी कोड), धावपट्टीचा नंबर, आणि धावपट्टीवर जाणं, ओलांडणं, अलीकडे थांबणं, टेकऑफ, लँडिंग यातलं काहीही असलं की पूर्ण रीडबॅक द्यायचा, शेवटी कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव).

चोपडा_लिंक:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. डी वर्गाच्या हवाई क्षेत्रात टॉवर व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघून उडणाऱ्या) विमानांना एकमेकांपासून अंतर देत नाही. ट्रॅफिक कुठे आहे ते सांगतो, क्रम ठरवतो. धावपट्टीवरचं अंतर मात्र त्याच्याकडे. 'नंबर टू, फॉलो सेसना ऑन बेस' (तुम्ही दुसरे, बेसवर म्हणजे शेवटच्या वळणाआधीच्या टप्प्यावर असलेल्या सेसनामागे या) आलं आणि सेसना दिसलीच नाही, तर 'ट्रॅफिक इन साइट' म्हणू नका. ही चूक नवीन मुलं सर्रास करतात, आणि टॉवर त्या शब्दावर पुढचं गणित मांडतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी हवा धुरकट असते, थर्मलने उंची वरखाली होते, पांढरं विमान दिसतच नाही. सरळ 'निगेटिव्ह कॉन्टॅक्ट' सांगा. शिरपूर-धुळ्याकडे क्रॉसकंट्रीला निघालात आणि पुढे टॉवर नसेल, तर डोळे आणि पोझिशन कॉल एवढंच हाताशी.

अजून एक. व्हीएचएफवर दोघांनी एकदम बटण दाबलं की इतरांना शिट्टी ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना पत्ताच नसतो. बटण दाबण्याआधी दोन सेकंद ऐका, दाबल्यावर क्षणभर थांबून बोला. नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द म्हणजे नेमकं कुणाला बोलावलं ते. एकाच क्लबच्या विमानांची शेवटची अक्षरं सारखी असली की दुसऱ्याची परवानगी आपली समजून घेतली जाते. शंका आली की पूर्ण कॉलसाइन.

अमळनेरकर:
भाऊ, फार उपयोगी. आणि टीकॅस (विमानातली टक्कर टाळायची यंत्रणा) एक सांगते, कंट्रोलर दुसरं, तर?

तापीकाठ:
टीकॅसचंच ऐकायचं. चरखी दादरीला १२ नोव्हेंबर १९९६ ला कझाक विमानाला फ्लाइट लेव्हल १५० (म्हणजे १५,००० फूट), सौदीच्या ७४७ ला १४० दिली होती, मध्ये १,००० फूट. परवानगी बरोबर होती. कझाक विमान १५० च्या खाली घसरलं आणि दोघांची धडक झाली. त्यात बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, उडवणारे वेगळे, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नव्हती. ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात टीकॅस सक्तीचं झालं. पुढे १ जुलै २००२ ला जर्मनीत उबरलिंगेनवर टीकॅस 'क्लाइंब' म्हणत असताना टुपोलेव्ह कंट्रोलरच्या 'डिसेंड'प्रमाणे खाली गेलं. समोरचं ७५७ आपल्या टीकॅसप्रमाणे खालीच येत होतं. धडक झाली, ७१ मृत्यू. आता नियम पक्का आहे: आरए (टीकॅसची वर किंवा खाली जायची सूचना) आला की तो पाळायचा, 'टीकॅस आरए' कळवायचं, 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) होईपर्यंत कंट्रोलर त्या विमानाला उलट सूचना देत नाही. तुमच्या ट्रेनरवर बहुधा टीकॅस नसेल, पण परीक्षेत विचारतात.

सरावाचं म्हणाल तर दोघं जण एकमेकांकडे पाठ करून मोबाइलवर बोलायला बसा. एकाने हेडिंग, उंची, क्यूएनएच, स्क्वॉक एका दमात वाचायचं. दुसऱ्याने आधी फक्त आकडे लिहायचे, मग रीडबॅक. पाचातल्या एका रीडबॅकमध्ये त्याने मुद्दाम एक आकडा बदलायचा, कधी कोणता ते न सांगता, आणि कंट्रोलर झालेल्याने 'निगेटिव्ह' म्हणून तो लगेच पकडायचा. जागा बदलून दोन्ही बाजू करा. पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा, शांत खोलीत सगळ्यांचंच बरोबर येतं.